निंबरावरचं चंदन

धुळ्याच्या कोर्टात दागिन्यांच्या चोरीचा एक खटला चालला होता. आरोपीने सांगून टाकलं, हे दागिने मला शिर्डीच्या साईबाबांनी दिले. मग बाबांची साक्ष काढणं आलं. पण राहाता आणि निमगाव यांच्यापलीकडे पाऊल न टाकणाऱ्या फकिराला धुळ्याला नेणार कोण? भक्तांनी रदबदली केली, कोर्टाने कमिशन नेमलं आणि एक मॅजिस्ट्रेट कागद-दौत घेऊन शिर्डीत येऊन बसला. नाव विचारलं, तर साईबाबा. बापाचं नाव? तेही साईबाबा. गुरू? वेंकुसा. पंथ? कबीर. जात? परवरदिगार. वय? लाखो वर्षं.

ही हकिकत ब. वि. नरसिंहस्वामींनी लिहून ठेवली आहे. मला त्यातल्या उत्तरांइतकंच ती टिपून घेणाऱ्या माणसाचं कौतुक वाटतं. रकाना ‘जात’ असा आहे आणि त्यात लिहायचं ‘परवरदिगार’. परवरदिगार म्हणजे पालनकर्ता, म्हणजे खुद्द देव. जातीच्या दाखल्यावर येणारी ती गोष्ट नव्हे. तरी त्याने लिहिलं, कारण साक्षीदार सांगेल ते लिहायचं हा त्याचा कायदा. बाबांविषयी पुढे ज्यांनी ज्यांनी लिहिलं, त्यांच्यातल्या फार थोड्यांनी हा कायदा पाळला.

बाबा हिंदू की मुसलमान, जन्म कुठला, आईबाप कोण, हे प्रश्न या पुस्तकाने बाजूला ठेवले आहेत, आणि ते बरं झालं. त्या प्रश्नांनी आपली पुरेशी दमछाक केली आहे. जानेवारी २०२० मध्ये परभणी जिल्ह्यातल्या पाथरीच्या विकासासाठी शंभर कोटींची घोषणा झाली, पाथरीला बाबांचं जन्मस्थान म्हटलं गेलं, आणि शिर्डीकरांनी गाव बंद ठेवलं. गावाचं म्हणणं एवढंच होतं की विकास खुशाल करा, जन्मस्थान म्हणू नका. जन्म ठरला की जात ठरते, जात ठरली की धर्म, आणि मग मॅजिस्ट्रेटचा रकाना एकदाचा भरतो. शिर्डीला तो मोकळा हवा होता. (त्यात श्रद्धा किती आणि लॉजवाल्यांची काळजी किती, हे मोजायच्या भानगडीत मी पडत नाही.) इथला प्रश्न निराळा आहे. ज्यांनी बाबांना पाहिलं त्यांनी काय पाहिलं, आणि त्यातलं कोणाचं पाहणं कागदावर उतरलं?

आमच्या घरात बाबांचा फोटो दत्ताच्या शेजारी होता. सगळ्यांना ठाऊक असलेलाच: दगडावर बसलेले, डोक्याला फडकं, उजवा पाय डाव्या गुडघ्यावर. आजी गुरुवारी दत्ताला हार घालायची आणि उरलेलं फूल बाबांना. तिच्या लेखी बाबा दत्ताचेच, त्यामुळे वेगळा हार कशाला? गल्लीच्या टोकाच्या घरात तोच फोटो मक्केच्या चित्राखाली टांगलेला असायचा, त्याला हार नसे, खाली ऊद जळत असे. लहानपणी मला यात काही खटकलं नाही. खटकलं ते फार पुढे, शाळेतल्या एका भाषणात ‘साईबाबांनी सर्व धर्म एकच आहेत अशी शिकवण दिली’ हे वाक्य पाठ करताना. कारण त्या दोन घरांतले बाबा एक नव्हते. माणूस एक होता, फोटो एक होता, पण माझ्या आजीचे बाबा दत्त होते आणि त्या घरातले बाबा अवलिया होते. दत्त आणि अवलिया एकच आहेत असं त्या दोन घरांतल्या कोणीही कधी म्हटलं नाही. त्यांना ते म्हणायची गरज पडली नाही, एवढंच.

शिर्डीत पहिल्यांदा पाहणारे म्हाळसापती. जातीने सोनार, खंडोबाचे पुजारी. तरुण फकीर खंडोबाच्या देवळाशी आला तेव्हा ‘आओ साई’ म्हणून हाक मारणारे तेच, ही गोष्ट देवळाबाहेरची पाटीसुद्धा सांगते. पाटी सांगत नाही ते असं, की फकिराला ती एकांताची जागा आवडली आणि त्याने तिथे राहायचं मनात आणलं, तेव्हा मुसलमानाला खंडोबाच्या देवळात राहता येणार नाही म्हणून अडवणारेही म्हाळसापतीच. हाक मारली, पण उंबरा ओलांडू दिला नाही. पुढे याच म्हाळसापतींनी मशिदीत जाऊन बाबांना गंध लावायला सुरुवात केली. तो ‘साई’ शब्दही मजेशीर आहे. गावोगाव फिरणाऱ्या फकिराला आपल्याकडे साई म्हणत, म्हणजे म्हाळसापतींनी त्यांना सरळसरळ मुसलमान म्हणून हाक मारली. आणि त्या शब्दाचं मूळ शोधत मागे गेलं तर निघतो संस्कृत ‘स्वामी’. म्हाळसापतींना हे ठाऊक असण्याचं कारण नाही. नंतरच्या भक्तांनी मात्र त्याचा पुरेपूर उपयोग केला.

गोविंद रघुनाथ दाभोलकरांचं ‘श्रीसाईसच्चरित’ हा या सगळ्या पाहण्याचा सर्वांत मोठा साठा. वांद्र्याचे मॅजिस्ट्रेट, १९१० साली शिर्डीला आले, बाबांना जात्यावर गहू दळताना पाहिलं, ते पीठ महामारी अडवण्यासाठी गावाच्या शिवेवर टाकलेलं पाहिलं, आणि तिथून नऊ हजारांहून अधिक ओव्यांचा ग्रंथ उभा राहिला. दाभोलकर १९२९ साली गेले. त्रेपन्नावा अध्याय दुसऱ्या भक्ताने पुरा केला. ओवी, मोजून ठेवलेले अध्याय, पारायणाची सोय, आरंभी मंगलाचरण: म्हणजे एकनाथी भागवत आणि गुरुचरित्र यांच्या रांगेत बसणारा ग्रंथ. त्या साच्यातच बाबांचं एक रूप ठरून गेलं. ज्या ग्रंथाचा सप्ताह होतो त्यातला नायक अवतार असणार, हे वेगळं सांगावं लागत नाही.

तरी दाभोलकर प्रामाणिक माणूस. सातव्या अध्यायात त्यांनी दोन्ही बाजूंचे पुरावे मांडले आहेत. मुसलमान म्हणावं तर कान टोचलेले, हिंदू म्हणावं तर सुंतेचा पुरस्कार करणारे. राहायला मशीद, मशिदीत अखंड धुनी, शंख, घंटा, तुळशीवृंदावन, आणि तोंडात ‘अल्ला मालिक’. निकाल न देता त्यांनी प्रकरण तसंच सोडलं. मॅजिस्ट्रेटने असं करणं विशेषच.

त्यांच्या ग्रंथातल्या ज्या गोष्टी आपण लहानपणापासून ऐकतो, त्यांतल्या तीन-चार इथे एकत्र ठेवून पाहाव्या. नाशिकचे मुळेशास्त्री अग्निहोत्री, सोवळ्याचे. नागपूरच्या बापूसाहेब बुट्टींना भेटायला शिर्डीत आलेले. माध्यान्ह आरतीला सगळे गेले म्हणून गेले, पण विटाळ नको म्हणून लांब उभे राहून फुलं फेकली. समोर पाहतात तो बाबांच्या जागी त्यांचे कैलासवासी गुरू घोलपस्वामी. दुसरी गोष्ट एका रामभक्त डॉक्टरची. मामलेदार मित्राबरोबर आले, मुसलमानाच्या पायावर डोकं ठेवणार नाही ही अट घालून. मशिदीत शिरले आणि सर्वांआधी त्यांनीच लोटांगण घातलं, कारण गादीवर राम बसले होते. तिसरा गुजराती ब्राह्मण मेघा. त्याला आधी बाबांचं मुसलमानपण सहन होईना. मग शंकर म्हणून त्यांची पूजा करू लागला, बेलासाठी कोसभर चालायचा, आणि एका संक्रांतीला लांबून गोदेचं पाणी आणून बाबांना न्हाऊ घातलं. बाबांनी सांगितलं होतं की फक्त डोक्यावर ओत. याने भक्तीच्या भरात घागर अंगावर रिती केली, तर म्हणे डोकंच तेवढं भिजलं. पंचाण्णव वर्षांचे गौळीबुवा पंढरीचे वारकरी, त्यांना बाबांमध्ये विठ्ठलच दिसला.

या गोष्टी आपण ऐक्याच्या गोष्टी म्हणून सांगतो. मला त्या तशा वाटत नाहीत. नीट वाचलं तर डॉक्टरांना रहीम दिसला नाही, राम दिसला. मुळेशास्त्र्यांना फकिरात गुरू दिसले असंही नाही, फकीर नाहीसा होऊन गुरू दिसले. या प्रत्येक गोष्टीत बाबांचं मुसलमान अंग हा एक अडसर आहे, आणि चमत्कार म्हणजे तो अडसर दूर होणं. भक्त आपल्या जागेवरून हलत नाही, बाबाच त्याच्या देवाच्या जागी येऊन बसतात. हे कमी प्रतीचं आहे असं मी म्हणत नाही. सोवळ्यातला ब्राह्मण मशिदीच्या पायऱ्या चढला, ही त्या काळी लहान गोष्ट नव्हे. पण त्याला सर्वधर्मसमभाव म्हणणं म्हणजे दुसऱ्या बाजूने मशिदीत बसलेल्या माणसांना विचारातच न घेणं.

ती माणसं तिथे होतीच. नगरहून आलेला जव्हारअली नावाचा फकीर राहात्याला वीरभद्राच्या देवळाजवळ ईदगाह बांधू लागला, त्यावरून तंटा झाला, तो शिर्डीला आला आणि बाबांना आपला चेला म्हणून राहात्याला घेऊन गेला. बाबा गेले. पाणी भरलं, सेवा केली. शिर्डीकरांनाच राहवेना, ते जाऊन त्यांना परत घेऊन आले. मोठेबाबा म्हणून ओळखले जाणारे मालेगावचे फकीर पीर महंमद यासिनमियां होते, ज्यांना बाबा जेवताना आपल्या शेजारी बसवत. रात्रभर मशिदीत कलमा ओरडणारा रोहिला होता, ज्याच्या आरडाओरड्याला गाव कंटाळलं आणि बाबांनी गावालाच गप्प केलं. आणि अब्दुल होता.

अब्दुलबाबा १८८९ मध्ये नांदेडहून आले. दिव्यात तेल घालणं, झाडलोट, पाणी आणणं हे त्यांचं काम. बाबा त्यांना जवळ बसवून कुराण वाचायला लावत, बोलत, आणि अब्दुल ते उर्दू लिपीत एका वहीत टिपून ठेवत. म्हणजे बाबांच्या तोंडून ऐकता ऐकता केलेली नोंद असलेलं हे फार दुर्मीळ बाड. बाबा गेल्यावर समाधीची देखभाल करत अब्दुलबाबा शिर्डीतच राहिले, लोक प्रश्न घेऊन आले की वही उघडायची आणि जे पान निघेल त्यातून उत्तर द्यायचं. वहीचा ग्रंथ झाला नाही, शकुनाची पोथी झाली. तिचं भाषांतर छापून आलं ते १९९९ साली, मारियान वॉरेन यांच्या इंग्रजी पुस्तकात. तोवर मराठी ओव्यांची पारायणं होऊन जवळपास सत्तर वर्षं लोटली होती. वॉरेनबाईंचा निष्कर्ष असा की बाबा सूफी परंपरेतले होते. त्या निष्कर्षाला मी थोडा अडखळतो, कारण तीही एक रकाना भरण्याचीच घाई आहे. पण त्यांनी एक गोष्ट दाखवली ती अशी की बाबांकडे पाहण्याचा एक मोठा कोपरा अंधारात राहिला, आणि तो कोणी मुद्दाम लपवला म्हणून नव्हे. तो ज्या लिपीत होता ती लिपी वाचणारे भक्त हळूहळू उरले नाहीत.

एका नावावरूनच हे कळावं. बाबांनी गुरूचं नाव सांगितलं ‘वेंकुसा’. दासगणू महाराजांनी, म्हणजे पोलिसातली नोकरी सोडून कीर्तनकार झालेल्या गणपत दत्तात्रेय सहस्रबुद्ध्यांनी, त्यात ‘वेंकटेश’ ऐकला आणि तो धागा सेलूच्या गोपाळराव देशमुखांपर्यंत नेला, जे तिरुपतीच्या वेंकटेशाचे भक्त होते. दुसऱ्या वाचकांना शेवटच्या ‘सा’मध्ये ‘शाह’ ऐकू आला, म्हणजे कोणी सूफी पीर. तीन अक्षरं, उच्चारणारा एक, आणि दोन गुरुपरंपरा उभ्या. दासगणूंच्या कीर्तनांनी मुंबई-ठाण्यात बाबांचं नाव पोचवलं, म्हणून आपल्या कानात वेंकटेश राहिला. कीर्तनाऐवजी कव्वालीने ते नाव आधी पोचवलं असतं तर?

आता मशिदीच्या भिंतीकडे येतो, कारण या पुस्तकाचा जीव माझ्या मते तिथे आहे. १८९७ साली कोपरगावच्या गोपाळराव गुंडांनी, उशिरा मूल झालं म्हणून, उरूस भरवायचं ठरवलं. गावच्या कुलकर्ण्याने विरोधात अहवाल पाठवला, कलेक्टरने आधी नाकारलं, मग परवानगी मिळाली. दिवस बाबांनी ठरवला तो रामनवमीचा. गावात दोनच विहिरी, एक आटलेली, दुसरी खारट. यात्रेला पाणी कुठून, हा पहिला प्रश्न. दोन निशाणं निघायची, त्यातलं एक नगरच्या दामूअण्णा कासारांचं. मग कोऱ्हाळ्याचे अमीर शक्कर, जे वांद्र्याला दलाली करत, त्यांनी त्याच दिवशी संदल सुरू केला. चंदनाचं ताट, लोबान, वाजतगाजत मिरवणूक, मशिदीत आल्यावर ते चंदन हाताच्या पंजाने निंबरावर आणि भिंतींवर उमटवायचं. निंबर म्हणजे मक्केच्या दिशेचा तो कोनाडा, नमाजाची दिशा दाखवणारा. पंधरा वर्षं असं चाललं. १९१२ साली भीष्मांच्या डोक्यात आलं की आज रामनवमी आहे तर रामजन्म का करू नये. कृष्णराव जागेश्वर भीष्म, पंढरपूरच्या चालीवर बाबांच्या आरत्या बांधणारे. भक्त काका महाजनींनी बाबांना विचारलं, पाळणा टांगला गेला, कीर्तन झालं, गुलाल उधळला, तो बाबांच्या डोळ्यांत गेला, बाबा संतापले, शिव्या दिल्या, आणि भक्तांनी त्या संतापातही रावणवधाचा अर्थ काढला. (भक्तांपुढे कोणाचं काही चालत नाही, खुद्द बाबांचंही.) त्या वर्षापासून दिवसा निशाणं आणि रामजन्म, रात्री संदल.

इथे कोणी कोणाचा अर्थ मान्य केला नव्हता. कोऱ्हाळ्याच्या अमीर शक्करांना रामजन्म साजरा करायचा नव्हता आणि भीष्मांना निंबराशी कर्तव्य नव्हतं. त्यांनी वेळ वाटून घेतली, भिंत वाटून घेतली, बाबा वाटून घेतले नाहीत. गावाला हे जमतं, कारण पाण्याच्या पाळ्या, बैलांचे इर्जिक, पाटाचं पाणी हे सगळं गाव असंच चालवतं. पाळी पाळणाऱ्याला शेजाऱ्याचं तत्त्वज्ञान पटावं लागत नाही.

आणि ते नेहमी सुरळीत चाललं असं नव्हे. मशिदीत पूजा होऊ नये म्हणून मुसलमान मंडळींनी म्हाळसापतींना अडवल्याचं नरसिंहस्वामींनीच लिहिलं आहे. १८८६ मध्ये बाबा तीन दिवस निश्चेष्ट पडले तेव्हा मौलवींनी दफनाची तयारी चालवली आणि म्हाळसापती त्यांचं डोकं मांडीवर घेऊन हलले नाहीत. १५ ऑक्टोबर १९१८ ला, दसऱ्याच्या दिवशी, बाबा गेले तेव्हा प्रश्न परत तोच: मोकळ्या जागेत कबर की बुट्टींच्या वाड्यात समाधी. छत्तीस तास गावात खल झाला, लोकांचा कौल घेतला गेला, बहुसंख्य वाड्याच्या बाजूने निघाले. वाड्याच्या मध्यभागी बापूसाहेब मुरलीधर बसवणार होते, त्याच चौथऱ्यात बाबांना ठेवलं. म्हणजे देवळाच्या गाभाऱ्यात थडगं. १९५४ साली त्यामागे बाळाजी वसंत तालीम यांनी घडवलेली संगमरवरी मूर्ती बसली आणि थडगं मूर्तीच्या पुढे राहिलं. त्याच वर्षी अब्दुलबाबा गेले. या दोन घटनांचा संबंध जोडायचा मोह होतो, जोडत नाही, पण एकाच वर्षी झाल्या एवढं नोंदवून ठेवतो.

नगर जिल्ह्यातच बाबांना आणखी निराळ्या डोळ्यांनी पाहिलं गेलं. पुण्याचा मेहरवान इराणी नावाचा झरथुष्ट्री तरुण १९१५ मध्ये शिर्डीला आला. लेंडीबागेकडून परतणाऱ्या बाबांसमोर त्याने लोटांगण घातलं आणि बाबांच्या तोंडून शब्द निघाला, ‘परवरदिगार’. मॅजिस्ट्रेटने जातीच्या रकान्यात लिहून घेतलेला तोच शब्द. हाच तरुण पुढे मेहेरबाबा झाला, आणि त्याच्या परंपरेत बाबा म्हणजे त्या काळच्या पाच सद्गुरूंमधले एक, आणि त्यातही कुतुब-ए-इर्शाद, म्हणजे सगळा आध्यात्मिक कारभार पाहणारे. हा हिशेब ना वेदाचा, ना शरियतचा. फारसी सूफी शब्दांत मांडलेली एक नवीच व्यवस्था. दुसरीकडे बाबांनीच ज्यांना खंडोबाच्या देवळात चार वर्षं बसायला सांगितलं, ते सटाण्याचे काशीनाथ गोविंद उपासनी पुढे साकोरीत राहिले, आणि तिथे कन्या वेदमंत्र म्हणून यज्ञ करू लागल्या. मेहरवान साकोरीला उपासनींकडेही गेला होता. एकाच फकिराच्या अंगणातून एक वाट अरणगावच्या मेहेराबादला गेली, दुसरी साकोरीच्या यज्ञकुंडाकडे. दोन्हीकडच्या लोकांना विचारा, दोघंही सांगतील की बाबांचं खरं काम आमच्याकडेच पुढे चाललं.

नांदेडचे पारशी ठेकेदार रतनजी वाडिया मूल व्हावं म्हणून शिर्डीला आले. बाबांनी पाच रुपये मागितले आणि म्हणाले, तीन रुपये चौदा आणे आधीच पोचलेत, बाकी दे. रतनजी चक्रावले. दासगणूंनी उलगडा केला: नांदेडला रतनजींनी मौलीसाहेब नावाच्या एका मुसलमान अवलियाच्या पाहुणचारावर नेमके तेवढेच खर्चले होते. पारशाने मुसलमानाला जेवू घातलं, ब्राह्मण कीर्तनकाराने वही तपासली, हिशेब शिर्डीला लागला. आणि एक ख्रिस्ती फौजदार कोपरगावला होता. त्याने भक्तीच्या नव्हे, पोलिसाच्या नजरेने बाबांवर लक्ष ठेवलं: येणारी दक्षिणा जाते कुठे? ती संध्याकाळपर्यंत वाटली जाते, उरत काही नाही, हे त्याला दिसलं आणि तसंच त्याने सांगितलं. मला ही साक्ष सर्वांत विश्वासाची वाटते, कारण त्याला बाबांकडून काही दिसायला नको होतं.

ख्रिस्ताचं म्हणाल तर नगरच्या मिशनमध्ये नारायण वामन टिळकांनी उलटी वाट चालून दाखवली. परदेशातून आलेला येशू त्यांनी अभंगांत आणला, सद्गुरू केला. बाहेरचा देव घरच्या डोळ्यांनी पाहण्याचा तो खटाटोप आणि मुळेशास्त्र्यांचं फकिराच्या जागी गुरू पाहणं, यांत मला फारसं अंतर दिसत नाही. टिळकांना ते कळत होतं, शास्त्रीबुवांना चमत्कार वाटला, इतकाच फरक.

बाबांचं पुढचं रूप मराठीत घडलंच नाही. सेलमचे वकील नरसिंहस्वामी १९३६ मध्ये आले, म्हातारे होत चाललेल्या भक्तांना गाठून त्यांनी जबान्या घेतल्या (हा वकिलाचा गुण), आणि मग मद्रासेत बसून इंग्रजीत बाबांचा प्रचार केला. तिथे बाबा रामकृष्ण-रमण यांच्या रांगेतले जगद्गुरू झाले. मग १९७७ साल आलं. एकाच वर्षी ‘शिरडी के साईबाबा’ आणि ‘अमर अकबर अँथनी’ हे दोन चित्रपट. दुसऱ्यात अकबर कव्वाली गातो आणि आंधळ्या आईला दृष्टी येते. ‘सर्वधर्म’ म्हणून आपण आज जे बाबा ओळखतो ते बऱ्याच अंशी त्या पडद्यावरून उतरलेले आहेत. ज्यांना हे मान्य नाही, त्यांचंही पाहणं नोंदवायला हवं: २०१४ मध्ये द्वारकापीठाचे शंकराचार्य स्वरूपानंद सरस्वती यांनी साईबाबा देव नाहीत, त्यांची मंदिरं नकोत असं जाहीर म्हटलं, आणि कबरीपुढे वाकू नये असं म्हणणारे मुसलमानही आहेतच. या दोघांमध्ये एक गोष्ट सारखी आहे. दोघांनाही बाबा स्पष्ट दिसतात. मुळेशास्त्र्यांसारखा त्यांचा घोटाळा होत नाही.

शिर्डी हा अपवाद समजू नये. जिल्ह्यातच पाथर्डीजवळ मढीला कानिफनाथांची समाधी आहे, आणि १८८४ च्या गॅझेटियरमध्ये त्याच जागेची नोंद शाह रमजान माहीसवार म्हणून आहे, माहीसवार म्हणजे माशावर बसून आलेला. हिंदूंच्या तोंडी कान्होबा. श्रीगोंद्याला ‘योगसंग्राम’ लिहिणारे शेख महंमद, ज्यांना वारकऱ्यांनी कबीराचा अवतार मानलं. या सगळ्या जागांवर पाळ्या होत्या, आणि अलीकडे त्या मोडू लागल्या आहेत. २०२५ साली मढीच्या ग्रामसभेत मुसलमान व्यापाऱ्यांना यात्रेत बंदी घालणारा ठराव झाला. मढीचा गाढवांचा बाजार प्रसिद्ध आहे. तिथे शतकानुशतकं विकणारा कोण आणि घेणारा कोण हे गाढवाच्या दातांवरून ठरत आलं.

वाचकाने ही प्रकरणं क्रमाने वाचायचा आग्रह मी धरणार नाही. ज्याला सच्चरित पाठ आहे त्याने अब्दुलबाबांच्या वहीपासून सुरुवात करावी, आणि ज्याला बाबा सूफी असल्याची खात्री आहे त्याने गौळीबुवांपासून. आपल्या डोळ्यांना सवय नसलेल्या उजेडात आधी थोडं थांबावं लागतं.

म्हाळसापतींवर मात्र कोणीतरी वेगळं पुस्तक लिहायला हवं. बाबा एक दिवसाआड मशिदीत झोपत. मशिदीतल्या त्या रात्री म्हाळसापती, तात्या कोते पाटील आणि बाबा, तिघांची डोकी तीन दिशांना, पाय मधे एकमेकांना टेकलेले. अधूनमधून बाबा म्हाळसापतींना सांगत, माझ्या छातीवर हात ठेव, नाव चाललंय का बघ, थांबलं तर जागं कर. तात्या चौदा वर्षं तिथे झोपले, वडील गेल्यावर घरी जाऊ लागले. म्हाळसापती झोपत राहिले. सकाळी उठून खंडोबाची पूजा करायची, ती त्यांनी सोडली नाही. दरवर्षी पालखी घेऊन पायी जेजुरीला जायचे, भंडारा लावून परत यायचे, आणि रात्री पथारी घेऊन मशिदीत.